कारखाना दारात, कामगार दारोदार

सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळी लोट्याच्या नाक्यावर घटकाभर उभे राहावे. मुंबई-गोवा महामार्गावरून वळून कंपन्यांच्या बसगाड्या आत जातात. त्यांत गणवेश घातलेले, बहुतेक पन्नाशीकडे झुकलेले कायम कामगार बसलेले असतात. त्यांच्या मागून ठेकेदारांच्या गाड्यांतून आणि आजूबाजूच्या वाड्यांतील भाड्याच्या खोल्यांतून पायी चालत तरुण माणसे येतात. त्यांच्या गळ्यातील ओळखपत्रावर नाव असते ते ठेकेदाराचे. त्याच दिवशी संध्याकाळी खेडच्या भरणे नाक्यावर यावे. तिथे मुंबईच्या गाडीची वाट पाहत खेड-चिपळूणची मुले उभी असतात. कोणाच्या पिशवीत आयटीआयचे प्रमाणपत्र असते, कोणाच्या बी.एस्सी.ची गुणपत्रिका. ज्या रसायनांचा अभ्यास करून ही मुले बाहेर पडली, ती रसायने त्यांच्याच गावाच्या शिवेवर तयार होतात. तरीही नोकरीसाठी त्यांना ठाणे, तळोजे नाहीतर पुणे गाठावे लागते. या दृश्याची कोकणाला आता सवय झाली आहे, आणि अन्यायाची सवय होणे हे समाजाच्या प्रकृतीचे चांगले लक्षण नव्हे.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत खेड तालुक्यात उभी राहिली तेव्हा कोकणी माणसाला एक शब्द देण्यात आला होता. चाकरमान्यांची परंपरा आता संपेल, मुलगा घरी जेवून पाळीला जाईल आणि संध्याकाळी शेतावर येईल, असा तो शब्द होता. त्या शब्दापोटी जमिनी गेल्या, पाणी गेले, हवा गेली. बदल्यात काय आले, याचा हिशेब मांडण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

आकड्यांची साक्ष

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. एकीकडे देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा दहा वर्षांत ८१ हजारांनी आटला. याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या; राज्याचे प्रमाण ९२९ होते. या आकड्याचा 'स्त्री-सन्मानाचा जिल्हा' म्हणून गौरव करणारे लोक आहेत. त्यांनी एखाद्या वाडीत जाऊन पाहावे. घरात सासू आहे, सून आहे, शाळकरी मुले आहेत. कर्ता पुरुष गणपतीला आणि शिमग्याला येतो. ज्या दशकात लोट्याची धुराडी पेटलेली होती, त्याच दशकातले हे आकडे आहेत.

दुसरा हिशेब डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या २०११ च्या अहवालात आहे. या समितीने लोट्याची स्थिती तपशीलवार नोंदवली. वसाहतीत सुमारे ११ हजार माणसांना काम मिळाले, पण सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतील मासळी घटल्यामुळे सुमारे २० हजार मच्छीमारांचे काम गेले, असे तेथील लोकांचे म्हणणे समितीपुढे आले होते. या आकड्यांवर कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने खुशाल घालावा. परंतु मग त्याने दुसरी मोजणी करून दाखवावी. वसाहत उभी करताना जो रोजगार मोजला जातो तो आलेला. गेलेला रोजगार मोजण्याची पद्धतच आपल्या शासनव्यवहारात नाही.

'पोरांना काम नको'

या स्थितीचे कारण विचारले की कारखानदारांच्या बाजूने एक ठरीव उत्तर येते. स्थानिक मुले कामसू नाहीत. भातलावणीला, गणपतीला, होळीला दांड्या मारतात. चार दिवस येतात आणि सोडून जातात.

मुंबईच्या गिरणगावात कापडगिरण्यांच्या गरम, दमट, कापसाचे तंतू उडणाऱ्या खात्यांतून तीन-तीन पिढ्या ज्यांनी घालवल्या, त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा माणूस मोठ्या संख्येने होता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतील कितीतरी कुटुंबे कोकणातल्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या घरांची होती. एका खोलीत पंधरा-वीस जणांनी पाळीपाळीने झोपून, खाणावळीत जेवून या माणसाने रात्रपाळ्या केल्या. तो गावी जातच असे, सणालाही जात असे. पण परत येत असे. कारण परतल्यावर त्याची जागा त्याला मिळणार होती. बदली कामगाराच्या यादीत नाव असले तरी ते नाव गिरणीच्या दप्तरात होते.

त्याच माणसाचा नातू लोट्यात चार दिवसांत काम सोडतो, तर त्या चार दिवसांत त्याच्यापुढे काय ठेवले जाते हेही पाहिले पाहिजे. नेमणुकीचे पत्र नाही. आठ तासांची पाळी म्हणायची आणि बारा तास थांबवायचे. काम रिॲक्टरमध्ये पावडर ओतण्याचे, सेंट्रिफ्यूज रिकामे करण्याचे, पिंपे भरण्याचे. अपघात झाला तर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवणार आणि ठेकेदार कंपनीकडे. काही महिने झाले की 'ब्रेक'. ज्याच्याजवळ मुंबईला जाण्याचा दुसरा रस्ता आहे, तो ही नोकरी नाकारतो. या नकाराला आळस म्हणणे म्हणजे स्वस्त माल मिळाला नाही म्हणून बाजाराला नावे ठेवण्यासारखे आहे.

परका कोण?

दुसरे ठरीव उत्तर राजकारणाच्या बाजूने येते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांनी आमच्या नोकऱ्या पळवल्या, असे ते उत्तर आहे. सभेत त्याला टाळ्या मिळतात. प्रश्न मात्र तिथल्या तिथे राहतो.

बाहेरून आलेला हा तरुण कोण आहे? तो याच राष्ट्राचा घटक आहे. त्याच्या गावी शेती पुरत नाही, कारखाना नाही. म्हणून शेकडो कोस दूर येऊन तो एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहतो. कोकणी माणूस शंभर वर्षांपूर्वी गिरणगावात ज्या रीतीने राहत होता, त्याच रीतीने. राष्ट्र एक आहे असे मानणाऱ्याला या तरुणाचा द्वेष करता येणार नाही. त्याला पसंती मिळते ती त्याच्या कौशल्यामुळे मिळते असेही नाही. तो तक्रार करू शकत नाही, त्याच्या मागे ग्रामसभा नाही, तो आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून देता येते, आणि त्याच्या घरचे लोक फाटकावर येऊन जाब विचारणार नाहीत. स्थानिकाला जे नाकारायचे असते तेच दुसऱ्याकडून काढून घेण्याची ही सोय आहे. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केले की ठेकेदाराचे काम अधिकच सोपे होते.

राज्य शासनाच्या २००८ च्या निर्णयाप्रमाणे प्रोत्साहन-योजनांचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावयाची आहेत. येथे 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. लोट्याचा वा खेडचा असा त्याचा अर्थ नाही. शिवाय त्या ८० टक्क्यांत कायम किती आणि कंत्राटी किती, हे विचारल्याखेरीज आकड्याला काडीचाही अर्थ नाही. शंभर टक्के स्थानिक आणि शंभर टक्के कंत्राटी अशी भरती केली तर कागद शुद्ध राहील आणि गाव तसेच रिकामे होईल.

'ब्रेक' नावाची युक्ती

रोगाचे मूळ येथे आहे. बारमाही चालणाऱ्या, कारखान्याच्या मुख्य उत्पादनाच्या कामावर हंगामी माणूस ठेवण्याची ही पद्धत आहे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी तात्पुरत्या वा बदली कामगाराची बारा महिन्यांत २४० दिवसांची सेवा झाली की त्याला कायम करण्याची तरतूद केली होती. उद्देश चांगला होता. व्यवहारात मात्र २४० दिवस भरण्याआधी माणसाला घरी बसवायचे आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचे, ही रीत रूढ झाली. माणूस तोच, यंत्र तेच, पाळी तीच. कागद मात्र दरवेळी नवा.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच नियमन आणि निर्मूलन असे दोन शब्द होते. त्यांतला दुसरा शब्द कालांतराने शोभेचा उरला. कंत्राटी पद्धत बंद झाली की त्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घेतली होती. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने ती फिरवली. पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. पुढे २० कामगारांना लागू असलेली या कायद्याची मर्यादा महाराष्ट्राने ५० वर नेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. या संहितांत कामगाराच्या हिताच्या गोष्टी आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी माणसे ठेवण्यास मनाई करण्यात आली.

परंतु त्याच संहितेत मनाईला अपवाद जोडलेले आहेत आणि ते पुरेसे सैल आहेत. कंत्राटी कामाचे हे प्रकरण पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होते. लहान रासायनिक घटकांच्या वसाहतीत या एका आकड्यातून किती जण निसटतील याचा अंदाज कोणीही करावा. कामगार-कपातीसाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. स्थायी आदेशही ३०० कामगारांपासून पुढे सक्तीचे राहिले. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ज्याचे उद्याचे काम ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या लेखी संमतीला किती मोल द्यायचे? सरकार कोणत्याही विचाराचे असो, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. आपल्या विचाराचे असेल तर अधिक आग्रहाने विचारला पाहिजे.

शिकाऊ उमेदवारीचीही हीच गत आहे. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांची झाली. तरुणाच्या हातात चार पैसे आले, अनुभवाचा कागद आला. त्यानंतर काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. प्रशिक्षणाच्या शेवटी नोकरी नसेल तर ते प्रशिक्षण म्हणजे विद्यावेतनाच्या दराने घेतलेली मजुरी ठरते.

रिॲक्टरला ओळखीचा माणूस लागतो

कंत्राटी पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की जगाची स्पर्धा आहे, मागणी कमीजास्त होते, उद्योगाला लवचीकपणा हवा. बिस्किटे भरण्याच्या कामापुरते हे क्षणभर मान्य करता येईल. रासायनिक कारखान्यात हा लवचीकपणा जिवावर बेततो. रिॲक्टरमधील अभिक्रिया तापू लागली की वाफ बंद करून थंड पाणी कधी सोडायचे, कोणती झडप आधी फिरवायची, वास बदलला म्हणजे काय बिघडले, हे ज्ञान फलकावर लिहून येत नाही. ते त्याच यंत्रापाशी वर्षानुवर्षे उभे राहून येते. आयटीआयमध्ये 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' नावाचा स्वतंत्र व्यवसाय शिकवला जातो तो याचसाठी. असा शिकलेला मुलगा बाजूला ठेवून काल आलेल्या अनभिज्ञ माणसाला तिथे उभे करणे ही काटकसर कोणाच्या जिवावर होते?

२० मार्च २०२१ रोजी लोट्यात घरडा केमिकल्सच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान चार कामगार प्राणास मुकले. महिना पुरा होण्याआधी, १८ एप्रिलला, याच वसाहतीतील दुसऱ्या कारखान्यातील दुर्घटनेत आणखी बळी गेले. काही दिवस बातम्या आल्या, चौकश्या झाल्या, भरपाईचे आकडे छापून आले. गावे पुन्हा आपापल्या कामाला लागली.

स्फोट निदान दिसतो. शरीरात हळूहळू साठणारे विष दिसत नाही. इटलीत व्हिचेंझाजवळ मितेनी नावाचा कारखाना फ्लोरिनयुक्त रसायने बनवीत असे. त्याने लाखो लोकांचे पिण्याचे पाणी दूषित केले. २०१८ साली तो दिवाळखोरीत निघाला आणि जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने त्याच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ साली लक्ष्मी ऑरगॅनिक उद्योगसमूहाने विकत घेतली आणि ती लोट्यात आणली. सर्व नियम पाळले जातात, अशी कंपनीची भूमिका आहे. ती खरी ठरो. पण मितेनीतील कामगारांच्या रक्तात ही रसायने किती साठली, हे इटलीला मोजता आले; कारण त्या कामगारांची नावे कोठेतरी लिहिलेली होती. लोट्यात दहा महिन्यांसाठी आलेला आणि तीन ठेकेदारांच्या कागदांवर विखुरलेला माणूस पंधरा वर्षांनी आजारी पडला, तर त्याला कोण शोधणार?

भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेवर काम करणाऱ्या प्रत्येकाची आरोग्यनोंद ठेवणे, कामावर घेण्यापूर्वी आणि कामावर असताना दर बारा महिन्यांच्या आत त्याची तपासणी करणे आणि ती नोंद त्याला पाहू देणे, हे मालकाचे कर्तव्य ठरले. ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कायद्याच्या व्याख्येत कामगारच होता. नव्या संहितेतही हे कर्तव्य कायम आहे. लोट्यातील किती कंत्राटी कामगारांनी आपली आरोग्यनोंद डोळ्यांनी पाहिली आहे, एवढा एकच प्रश्न नाक्यावर उभे राहून विचारावा.

घरचा दोष

कारखानदार आणि शासन यांना दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. हे ठेकेदार आकाशातून पडलेले नाहीत. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात मनुष्यबळाची, वाहतुकीची, भंगाराची कंत्राटे कोणाकडे असतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते. गावचे पुढारी, माजी पदाधिकारी, सर्व पक्षांचे आणि सर्व विचारांचे, त्यांत दिसतात. सकाळी 'भूमिपुत्रांना न्याय द्या' असे निवेदन देणारा माणूस संध्याकाळी त्याच भूमिपुत्राच्या मजुरीतून आपला वाटा कापतो. ज्याच्या घरचा चरितार्थ कंत्राटावर चालतो, त्याने कामगारांच्या मोर्चाचे नेतृत्व करणे हा ढोंगीपणा आहे, आणि तो समोर बसून सांगणारे कोणी उरलेले नाही.

मध्यमवर्गीय घरांचाही दोष आहे. मुलगा बारावीला कमी पडला की 'आता आयटीआय' हे वाक्य त्या घरात शोकसभेतल्या स्वरात उच्चारले जाते. लोट्याजवळ लवेलला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खेड आणि चिपळूणला आयटीआय आहेत. तरी हाताला काळे लागणारे काम खालच्या दर्जाचे, ही समजूत जात नाही. विश्वकर्म्याची पूजा करायची आणि मुलीसाठी स्थळ पाहताना बॉयलर सांभाळणाऱ्या मुलाला नकार द्यायचा, ही विसंगती समाजानेच दूर केली पाहिजे. श्रमाला प्रतिष्ठा नसलेल्या समाजाला कंत्राटी कामगार स्वस्तात मिळाला तर त्यात नवल ते काय?

करायचे काय?

वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली तेव्हा त्यांच्यापुढे वर्गसंघर्षाची भाषा नव्हती आणि मालकाची खुशामतही नव्हती. कामगाराचे श्रम हेही भांडवलच आहे, म्हणून उद्योगावर त्याचाही हक्क आहे, हा विचार त्यांनी मांडला. उद्योगांचे श्रमिकीकरण हा शब्द त्यातूनच आला. दहा महिन्यांचे कंत्राट ही त्या विचाराची सरळसरळ पायमल्ली आहे. जो उद्याच जाणार आहे, त्याला कारखाना आपला वाटेल कसा?

कार्यकर्त्यांना करता येण्याजोगी कामे थोडी आणि स्पष्ट आहेत. लोट्याच्या परिसरातील प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून प्रत्येक कारखान्याकडे कायम, कंत्राटी आणि शिकाऊ अशा तिन्ही वर्गांची संख्या मागावी आणि ती दरवर्षी गावाच्या फलकावर लावावी. नेमणूकपत्र आता कायद्याने मिळायचेच आहे. ज्याच्या हाती ते नाही त्याचा अर्ज लिहून देणारे केंद्र नाक्यावर चालवावे. तिथेच त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडून दाखवावे, म्हणजे कापलेले पैसे भरले गेले की नाही हे त्याला कळेल. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालक ती देण्यास बांधील असतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आरोग्यनोंदीची प्रत त्याच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा करावा. हे केंद्र खेडच्या मुलासाठी असावे आणि बिहारच्या मुलासाठीही असावे; दोघांचे कागद एकाच टेबलावर तपासले गेले की त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांचा धंदा आपोआप मंदावेल. आणि ज्याच्याकडे मनुष्यबळाचे कंत्राट आहे, त्याला या कामात कोणतेही पद देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

२०२३ च्या नोव्हेंबरात लोट्याजवळ असगणी येथे हिंदुस्थान कोका-कोला कंपनीच्या मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. आणखी प्रकल्प येतील, आणखी भूमिपूजने होतील आणि प्रत्येक मंडपात रोजगाराचा आकडा जाहीर होईल. त्या मंडपात बसलेल्या गावकऱ्याने उठून एवढेच विचारावे की त्यातले कायम किती? त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.